इम्युनोथेरपी: औषध दवाखान्यात, लक्ष घरी

सख्ख्या भावाने दिलेली निरोगी किडनी बसवली, तरी आपली प्रतिकारशक्ती तिला परकी ठरवते. ती किडनी टिकावी म्हणून रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेत राहाव्या लागतात. त्याच शरीरात जबड्यात, फुप्फुसात किंवा आतड्यात कॅन्सरची गाठ मात्र महिनोन्‌महिने वाढत राहते आणि तिला कोणी हटकत नाही. भावाची चांगली किडनी खपत नाही आणि जिवावर उठलेली गाठ खपते, हे कसे?

गाठ आपल्याच पेशींची असते, म्हणून शरीर तिला ओळखत नाही, असे उत्तर बरीच वर्षे दिले जाई. ते अर्धेच खरे आहे. कॅन्सरच्या पेशींतील जनुके बिघडलेली असतात, त्यामुळे त्यांची काही प्रथिने नेहमीपेक्षा वेगळी होतात. रक्तातील टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, हा फरक ओळखू शकतात. बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की अनेकदा गाठीत शिरलेल्या टी-पेशी दिसतातही. त्या तिथवर पोहोचलेल्या असतात, पण काही करत नाहीत. त्या गप्प का बसतात, याचा उलगडा जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून झाला आणि २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज नाशिकच्या कॅन्सर रुग्णालयांतही ‘इम्युनोथेरपी देऊ या का?’ असा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांपुढे येतो. त्यामागे हाच शोध आहे.

ब्रेकवर पाय कोणाचा?

टी-पेशी चालू होण्याची जशी व्यवस्था असते, तशी थांबण्याचीही असते. सर्दी-ताप ओसरल्यावर त्या शांत झाल्या नाहीत, तर आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, आतड्यांवर उलटतील. आमवातासारखे आजार असेच होतात. होंजो यांच्या गटाला १९९२ मध्ये टी-पेशींवर पीडी-१ नावाचे एक प्रथिन सापडले. ते थांबण्याच्या व्यवस्थेचा भाग आहे, हे पुढे कळले. अनेक कॅन्सर पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन वागवतात. ते पीडी-१ ला चिकटले की टी-पेशी थांबते.

नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उतरणाऱ्या गाडीला ब्रेक किती मोलाचा असतो, हे सांगायला नको. टी-पेशींचा ब्रेकही असाच आपल्या रक्षणासाठी आहे. कॅन्सरची पेशी नेमका त्याच ब्रेकवर पाय देऊन बसते आणि गाडी जागीच उभी राहते. इम्युनोथेरपीचे औषध तो पाय बाजूला करते. गाडी निघते. पण ब्रेक सैल असलेली गाडी आता घाट उतरते आहे, हेही विसरायचे नाही.

पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, अटेझोलिझुमॅब आणि दुर्वालुमॅब ही या गटातील प्रमुख औषधे. केमोथेरपी कॅन्सरच्या पेशींना थेट मारते. ही औषधे स्वतः एकही पेशी मारत नाहीत, ते काम रुग्णाची प्रतिकारशक्ती करते. हे औषध कोणाला चालते, गुण यायला वेळ का लागतो, त्याचे त्रास इतके निराळे का असतात, या सगळ्याची उत्तरे या एका गोष्टीत आहेत.

सर्वांना का देत नाहीत?

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना वयाच्या नव्वदीत, २०१५ मध्ये, यकृत आणि मेंदूपर्यंत पसरलेला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, असल्याचे कळले. शस्त्रक्रिया आणि रेडिएशनबरोबर त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब दिले गेले आणि ते वयाची शंभरी पार करून गेले. ही गोष्ट ऐकली की प्रत्येक घराला वाटते, आपल्या माणसालाही हेच द्यावे. वाटणे स्वाभाविक आहे. पण ब्रेक सोडल्याचा उपयोग तो ब्रेक मुळात दाबलेला असेल तरच. ज्या गाठीत टी-पेशी पोहोचलेल्याच नाहीत, तिथे हे औषध फारसे काही करू शकत नाही. हॉजकिन्स लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर उलटला असेल, तर या औषधांनी दहापैकी साधारण सात जणांची गाठ आकसते. तोंडाचा-घशाचा कॅन्सर पुन्हा उद्भवला असेल आणि हे औषध एकटेच दिले, तर सहा-सात जणांत एखाद्यालाच असा गुण येतो.

कोणाला उपयोग होण्याची शक्यता जास्त, हे आधी तपासता येते. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जपलेला असतो, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेले की ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ असे सांगतात, तो हाच. तो हरवला तर पुन्हा सुई टोचून घेण्याची वेळ येऊ शकते, म्हणून फाइलइतकाच जपा. त्यावर मुख्यतः तीन प्रकारच्या तपासण्या होतात.

पहिली पीडी-एल१ ची. गाठीत हे प्रथिन किती आहे, ते आकड्यात सांगतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आकडा ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर काही रुग्णांना केमोशिवाय नुसती इम्युनोथेरपी देता येते. दुसरी एमएसआय. काही गाठींत जनुकांतील चुका दुरुस्त करण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. अशा गाठींत वेगळी प्रथिने भरपूर तयार होतात, म्हणून टी-पेशींना त्या चटकन ओळखू येतात. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात चार-पाच असतात, पण त्यांना या औषधाचा उपयोग चांगला होतो. तिसरी फुप्फुसाच्या कॅन्सरमधील ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची. त्यांत बदल सापडला, तर आधी गोळ्यांचे टार्गेटेड उपचार करतात. अशा रुग्णाला घाईने इम्युनोथेरपी दिली, तर तिचा उपयोग कमी होतो आणि लगेच मागून त्या गोळ्या सुरू केल्या, तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून रिपोर्ट येईपर्यंतचे आठ-दहा दिवस वाया गेले असे समजू नका.

सलाईनचा दिवस

डे-केअरमध्ये पाहिले, तर हा उपचार फारच साधा वाटतो. आधी रक्त तपासतात: पेशी, साखर, यकृत, किडनी आणि ठरावीक काळाने थायरॉइड. रिपोर्ट ठीक असले की फ्रिजमधून छोटी बाटली निघते, औषध सलाईनमध्ये मिसळतात आणि बहुधा अर्ध्या तासात ते संपते. पेम्ब्रोलिझुमॅब दर तीन किंवा सहा आठवड्यांनी देतात, निवोलुमॅब दर दोन किंवा चार आठवड्यांनी. नुसती इम्युनोथेरपी असेल, तर केमोसारखे केस जात नाहीत, उलट्याही सहसा होत नाहीत. शेजारच्या खाटेवर केमो घेणारा माणूस मळमळीने हैराण असतो आणि हा रुग्ण घरून आणलेला डबा खाऊन गाडीत बसतो.

खरी दक्षता इथून पुढे सुरू होते. सलाईन नाशिकला किंवा मुंबईला अर्धा तास चालते, पण पुढचे वीस दिवस रुग्ण निफाडला, कळवणला, मालेगावला, सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर आपल्या घरी असतो. त्रास सुरू होतो तो तिथे.

ब्रेक सैल झाल्यावर

सैल झालेली प्रतिकारशक्ती फक्त गाठीवरच जाईल, अशी खात्री नसते. ती शरीरातल्या कोणत्याही अवयवावर जाऊ शकते. कातडीवर गेली तर पुरळ आणि खाज येते, आतड्यावर गेली तर जुलाब लागतात, पोटात कळा येतात. फुप्फुसावर गेली तर कोरडा खोकला आणि धाप, यकृतावर गेली तर कावीळ. थायरॉइडवर गेली, आणि हे साधारण दहापैकी एकाला होते, तर थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढते. त्यावर रोजची एक गोळी पुरते. क्वचित स्वादुपिंडावर हल्ला होऊन काही दिवसांतच साखर भलतीच वाढते, तहान आणि लघवीचे प्रमाण वाढते. हृदयाच्या स्नायूला सूज येणे फार दुर्मीळ, पण सर्वांत घातक.

बहुतेकांना होणारे त्रास सौम्य असतात. पण इम्युनोथेरपीची दोन औषधे एकत्र दिली, उदाहरणार्थ निवोलुमॅबबरोबर इपिलिमुमॅब, तर गंभीर त्रासांचे प्रमाण खूप वाढते. आणखी एक गोष्ट गावातल्या डॉक्टरांनाही सांगून ठेवावी लागते. हे त्रास पहिल्या आठवड्यात येऊ शकतात, सहाव्या महिन्यात येऊ शकतात आणि औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनीही येऊ शकतात.

चूक नेमकी इथे होते. रुग्णाला दिवसातून सहा वेळा जुलाब होतात. घरच्यांना वाटते, बाहेरचे खाल्ले असेल. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी येते, दोन दिवस बरे वाटते, आतली सूज मात्र वाढत राहते. धाप लागली तर न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक सुरू होते. फॅमिली डॉक्टरांचा यात दोष नाही. समोरच्या रुग्णाला इम्युनोथेरपी चालू आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून औषधाचे नाव, शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला आणि कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन नंबर एका कागदावर लिहून तो रुग्णाच्या खिशात आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. कोणत्याही दवाखान्यात गेलात, की आधी तो दाखवा.

स्टेरॉइडला घाबरू नका

हे त्रास वाढले, तर उपचार म्हणून स्टेरॉइड देतात, कारण सुटलेल्या प्रतिकारशक्तीला पुन्हा आवरायचे असते. ‘मग इम्युनोथेरपी फुकट गेली का?’ असे घरचे विचारतात. त्रास आटोक्यात आणण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने आधी मिळालेला गुण पुसला जात नाही, असा आजवरचा अनुभव आहे. काहींचे औषध कायमचे बंद करावे लागते आणि तरीही गाठ बरेच महिने आवाक्यात राहते. स्टेरॉइड मात्र चार-सहा आठवड्यांत हळूहळू कमी करतात. बरे वाटले म्हणून अचानक सोडले, तर त्रास उलटतो.

आधी सांगायलाच हव्यात अशा गोष्टी

किडनी किंवा दुसरा अवयव बसवलेला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. सुरुवातीचे कोडे इथे उलटे फिरते: ब्रेक सुटला की प्रतिकारशक्ती त्या परक्या किडनीवर तुटून पडू शकते. आमवात, सोरायसिस, ल्युपस, आतड्यांची जुनी सूज असे आजार असतील, तर तेही सांगा. अशा रुग्णांना हे औषध लगेच नाकारले जाते असे नाही, पण देखरेख वाढते. पूर्वी क्षयरोग झाला असेल, घरात कोणाला असेल, तर लपवू नका. दबलेला क्षय या उपचारात उफाळून आल्याची उदाहरणे आहेत. उपचार चालू असताना आणि नंतरही औषधाप्रमाणे तीन ते पाच महिने गर्भधारणा टाळायची असते.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे आणि चूर्ण यांचे काय? आपल्याकडे गुळवेलाचा काढा कॅन्सरच्या रुग्णाला प्रेमाने दिला जातो. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला, तरी इम्युनोथेरपीच्या रुग्णाला एक व्यावहारिक अडचण उरते. यकृताचे आकडे वाढले तर ते इम्युनोथेरपीने की काढ्याने, हे ठरवता येत नाही आणि चालू असलेला उपचार थांबतो. काढा असो, चूर्ण असो की नुसते जीवनसत्त्व, डॉक्टरांना दाखवूनच घ्या. अँटिबायोटिकही मनाने घेऊ नका, पण डॉक्टरांनी दिले तर टाळूही नका.

स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसली तर?

केमोचा गुण एक-दोन डोसांत कळू शकतो. इथे टी-पेशींनी जागे व्हायचे, वाढायचे, गाठीपर्यंत पोहोचायचे, म्हणून पहिला स्कॅन साधारण दोन-तीन महिन्यांनी करतात. कधी टी-पेशींच्या गर्दीमुळे गाठ आधी थोडी फुगते आणि मग आकसते. असे थोड्याच रुग्णांत होते. माणसाची तब्येत सुधारत असेल, भूक लागत असेल, तर डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून पाहतात. तब्येत ढासळत असेल, तर मात्र गाठ खरोखरच वाढते आहे, असेच बहुतेक वेळा निघते आणि उपचार बदलावे लागतात.

वीस मिलिग्रॅमचा प्रयोग

या औषधांचा मोठा अडसर किंमत हा आहे. पूर्ण मात्रेचा एक डोस लाख-दीड लाखांच्या पुढे जाऊ शकतो आणि उपचार एक ते दोन वर्षे चालतात. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी तोंडाचा कॅन्सर झालेला आपल्याकडचा शेतकरी किंवा मजूर हा खर्च कोठून करणार?

टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. निवोलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. सहा आठवड्यांचा हिशेब केला, तर ७२० च्या जागी ४०. टी-पेशींवरचे बरेचसे पीडी-१ थोड्या औषधानेही व्यापले जाते, असे सुरुवातीच्या चाचण्यांत दिसले होते, तोच त्यामागचा आधार. तोंडाचा-घशाचा कॅन्सर पसरलेल्या किंवा उलटलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या स्वस्त गोळ्या दिल्या, दुसऱ्याला त्याच गोळ्यांबरोबर हे थोडेसे निवोलुमॅब. वर्षभरानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के. २०२२ मध्ये हे निष्कर्ष कॅन्सरच्या एका अग्रगण्य आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. कमी मात्रा अजिबात न देण्यापेक्षा पुष्कळ चांगली, हे या प्रयोगाने दाखवले. ती पूर्ण मात्रेइतकीच चांगली आहे का, हे त्यात तपासले नव्हते. शिवाय हा प्रयोग तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा होता, प्रत्येक कॅन्सरला तो तसाच लागू करता येत नाही. तरीही ‘परवडत नाही, विषय संपला’ म्हणून उठण्याआधी कमी मात्रेबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. माझ्या मते महाराष्ट्रातल्या रुग्णाने विचारायचा हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

कार-टी म्हणजे हेच का?

नाही. कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी यंत्राने वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घालून कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि त्या परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात काही कोटींना पडणारा हा उपचार त्यामुळे काही लाखांत आला. पण तो उलटलेल्या विशिष्ट रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीवर तो चालत नाही.

बिल, योजना आणि रिकामी बाटली

उपचार ठरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला, भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या कॅन्सरसाठी नेमके कोणते औषध बसते, ते त्यांच्याकडून तपासून घ्या. वैद्यकीय विमा असेल, तर इम्युनोथेरपीवर वेगळी मर्यादा आहे का, तेही पाहा. औषध कंपन्यांच्या मदत योजनांत काही डोस विकत घेतल्यावर पुढचे मोफत मिळतात, त्याची माहिती डॉक्टरांच्या ऑफिसात मिळते.

औषध अधिकृत दुकानातून, बिलासहच घ्या. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मिळवून ही टोळी त्यांत बुरशीवरचे औषध भरून विकत होती. म्हणून बाटली आपल्यासमोर फोडायला सांगा, बॅच नंबर बिलाशी ताडून पाहा आणि काम झाल्यावर बाटलीचे लेबल फाडून टाकायला सांगा. यात संकोच कसला? चांगल्या रुग्णालयात याला कोणी हरकत घेत नाही.

चौकट: कापून फाइलीत ठेवा

*डॉक्टरांना विचारा*
• माझ्या गाठीची पीडी-एल१, एमएसआय किंवा जनुकांची तपासणी झाली का? निष्कर्ष काय?
• औषध एकटे की केमोबरोबर? किती दिवस?
• कमी मात्रा माझ्या आजारात चालेल का?
• रात्री त्रास झाला, तर फोन कोणाला करायचा?

*त्याच दिवशी फोन करा*
• दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब, शौचातून रक्त
• नवा खोकला, चालताना धाप
• डोळे पिवळे होणे, लघवी गडद पिवळी होणे
• अंगभर पुरळ, तोंडात फोड
• फार तहान, सारखी लघवी
• ताप, किंवा न ओसरणारी डोकेदुखी

*थेट रुग्णालयात जा*
• छातीत दुखणे, धडधड, चक्कर
• बसल्या जागी धाप
• पापण्या जड होणे, गिळता न येणे, हातपाय लुळे पडणे

*हे करू नका*
• जुलाब थांबवायची गोळी किंवा अँटिबायोटिक मनाने घेणे
• स्टेरॉइड अचानक बंद करणे
• न सांगता काढे आणि चूर्ण सुरू करणे
• त्रास सांगितला तर औषध बंद होईल, या भीतीने गप्प बसणे. वेळेवर कळलेला त्रास बहुतेक वेळा आवरता येतो आणि उपचार पुढे चालू ठेवता येतात.